तिसरी जॉयस्टिक

मोहिउद्दीनने पहिली जॉयस्टिक आणली ती १९९६ च्या दिवाळीनंतर. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. भिवंडीत निजामपुऱ्याच्या एका गल्लीत त्याचा यंत्रमागांचा, सोळा लूमचा कारखाना होता आणि कारखान्याच्या वरच घर. व्यापाऱ्यांना पत्रं पाठवायला बरं पडेल म्हणून त्याने कॉम्प्युटर घेतला, पण पत्रं टाइप करायची ती त्याची बायको जाहिदा. तो स्वतः त्यावर विमान उडवायचा.

त्याला खरं विमान उडवायला थोडंफार येत होतं. एकवीस वर्षांचा असताना तो जुहूच्या धावपट्टीवर शिकायला जायचा. लायसनला उड्डाणाचे चाळीस तास लागत आणि त्याचे एकतीस झाले होते. मग एके दिवशी अब्बा कारखान्यात चालू लूमपाशीच कोसळले आणि तिथेच गेले. मोहिउद्दीन मयतीला म्हणून घरी आला, तो परत गेलाच नाही. त्यानंतर वीस-बावीस वर्षं त्याने विमानाचं नाव काढलं नाही. लग्नानंतर जाहिदाला कपाटात त्याची तासांची वही सापडली, तेव्हाही त्याने ती तिच्या हातून घेऊन नुसती आत ठेवून दिली होती.

म्हणून कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ आला तेव्हा तिला बरंच वाटलं. दुपारी जेवण झालं की तो खुर्चीत बसायचा, खाली लूम धडधडत असायचे, आणि तो पडद्यावरच्या धावपट्टीवरून निघायचा. पण बाणाची बटणं दाबून विमान वळवणं त्याला सहन होईना. विमान हाताला कळावं लागतं, असं तो म्हणायचा.

ती पहिली जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, हलकी आणि पोकळ होती. टेबलाला चिकटायला खाली रबरी वाट्या होत्या, त्या चिकटत नसत. इंजिनाचा जोर वाढवायचा थ्रॉटल म्हणजे बुडाशी एक छोटं चाक होतं. ते फिरवायला गेलं की अख्खी दांडी उचलली जायची. दोन महिन्यांत विमान आपोआप डावीकडे ओढायला लागलं. मोहिउद्दीनने ती तीन बत्तीजवळ दामूच्या दुकानात नेली.

दामू रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरचा माणूस, बोलायला कमी. जॉयस्टिक त्याने आयुष्यात पाहिली नव्हती, पण चार स्क्रू काढल्यावर त्याला ती समजली. रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसाच एकेक फिरता पार्ट, तो त्याला व्हॉल्यूम म्हणायचा, दांडीच्या दोन बाजूंना बसवलेला होता, आणि त्यात खालच्या कारखान्यातली कापसाची लव जाऊन बसली होती. त्याने स्पिरिटने पुसून दिलं. विमान सरळ चालायला लागलं.

त्यानंतर मोहिउद्दीन त्याच्याकडे कामाशिवायही जाऊ लागला. चांगली दांडी कुठली, यावर दोघांचं बोलणं चालायचं. बूड जड हवं. सोडली की ती बरोबर मध्यावर यायला हवी आणि मध्यावर ढिली नको. थ्रॉटल वेगळा, डाव्या हाताचा असावा, म्हणजे उजव्या हाताला दुसरं काम पडत नाही. दामूचं म्हणणं असं की बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, आतला व्हॉल्यूम प्लास्टिकच्या दांड्याचा असला तर ती सहा महिने चालेल आणि लोखंडाच्या दांड्याचा असला तर सहा वर्षं. हे ऐकून मोहिउद्दीनने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसरी जॉयस्टिक आणली. ती घेताना त्याने दुकानदाराला ती उघडून दाखवायला लावली होती.

ती चार महिने छान चालली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये तिच्यातही बिघाड आला. विमान ओढत नव्हतं, पण थरथरत होतं. वर आकाशात ते एवढं जाणवत नसे, पण उतरताना धावपट्टी समोर आली की नाक डळमळायचं आणि विमान आपटायचं. दामूने दोनदा आतून पुसून दिली. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही व्हॉल्यूम नवे घातले. काही फरक पडला नाही.

तेव्हा मोहिउद्दीन दुकानात जाऊन दामूला म्हणाला की तू आतले चांगले पार्ट काढून घेतलेस आणि रेडिओचे भंगार घातलेस. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. दामू पुढचा रेडिओ उघडू लागला. मोहिउद्दीनने तेच पुढे चहाच्या हॉटेलात सांगितलं, आणि शुक्रवारी नमाजनंतर लूमवाल्यांच्या घोळक्यातही सांगितलं. त्याचा शब्द मानणारे लोक होते. त्यांच्या घरचे टीव्ही आणि टेप दामूकडेच जायचे. ते हळूहळू जायचे बंद झाले.

जाहिदाच्या कानावर हे सगळं येत होतं. ती गप्प राहिली. नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीची बटणं मागच्या ईदेपासून ती लावत होती, आणि ती का लावते हे दोघांनीही बोलून दाखवलं नव्हतं. त्याचं अक्षर बारीक होत चाललं होतं. ओळीच्या शेवटी ते मुंग्यांएवढं व्हायचं. बशीतला चहा तो आता टेबलावर ठेवून, वाकून प्यायचा. हात मांडीवर नुसता पडलेला असला की अंगठा बोटावर घासत राहायचा, तसबीहचे मणी फिरवल्यासारखा. तिच्या मामांना हेच झालं होतं. त्यामुळे दांडी बिघडली म्हणून तो चिडला की तिला आतून सुटल्यासारखं व्हायचं. दोष दांडीत आहे असं घरात ठरलं होतं, आणि ते तसंच राहिलं तर तिला हवंच होतं. दामूचं काय होतंय, ते तिने मनाआड केलं.

तिसरी जॉयस्टिक १९९८ च्या जानेवारीत आली. परदेशी, दोन खोक्यांची. एका खोक्यात जड बुडाची दांडी आणि दुसऱ्यात वेगळा थ्रॉटल, खऱ्या विमानासारखा पुढे ढकलायचा. स्प्रिंग इतकी कडक की पहिले काही दिवस विमान शांत चाललं. मोहिउद्दीनने जाहिदाला बोलावून दाखवलं. पंधरा दिवसांनी नाक पुन्हा डळमळायला लागलं.

त्याने दोन्ही खोकी बांधली आणि तो मुंबईला निघाला. जाहिदा म्हणाली मीही येते. एस. टी.त खोकी तिने मांडीवर घेतली.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात केसरीनाथ नावाचा म्हातारा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, दांडी आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि तपासणीची खिडकी उघडली. पडद्यावर एक चौकोन आणि त्याच्या मध्यावर एक छोटी फुली. दांडी जिकडे जाईल तिकडे फुली जाणार. कोणी हात लावलेला नव्हता आणि फुली खिळ्यासारखी उभी होती. केसरीनाथने दांडी धरून सगळीकडे फिरवली, मध्यावर आणून हातात नुसती धरून ठेवली. फुली उभीच. मग त्याने मोहिउद्दीनला धरायला सांगितलं. फुली थरथरायला लागली. अगदी बारीक, एका तालात, थांबतच नव्हती.

केसरीनाथने पडद्याकडे पाहिलं आणि मग हाताकडे पाहिलं. हळू आवाजात तो म्हणाला की कधीकधी माणसाचा हातही थकलेला असतो.

"हिला द्या," मोहिउद्दीन म्हणाला. "जाहिदा, तू धर."

जाहिदा पुढे झाली. दांडीला हात लावताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. आणि तिने हात हलवला. मुद्दाम, जेवढा जमेल तेवढा बारीक. पण थरथर मुद्दाम करणं सोपं नसतं. फुली चौकोनभर इकडून तिकडे उड्या मारू लागली. केसरीनाथने मान खाली घातली. तिने दोन-तीन क्षण तसंच चालू ठेवलं. मग मोहिउद्दीनने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि ती थांबली. त्याचा हात तिच्या मनगटावर थरथरत होता, आणि आता ते दोघांनाही कळत होतं.

परत येताना एस. टी. कळव्याच्या खाडीपुलावर आली. मग त्याने विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षीच्या ईदेपासून."

"आणि दामूला मी बोललो तेव्हा?"

"तेव्हाही."

ती रडली असती तर त्याने तिला काहीतरी म्हटलं असतं, पण ती रडली नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला खोलीतून चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक वाक्य लिहायला लावलं. कंपवात आहे, म्हणाले. गोळ्यांनी काही वर्षं बरं चालेल, पण हा मागे फिरत नाही. आज उजवीकडे आहे, उद्या डावीकडे जाईल. मोहिउद्दीनने एवढंच विचारलं की हा हात धरून ठेवायचा काही उपाय आहे का. डॉक्टर नाही म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात तो तीन बत्तीला गेला. दामूच्या दुकानात आता एक शिंपी बसत होता. दामू गावाकडे गेला, एवढंच त्या शिंप्याला माहीत होतं. मग पुढच्या रविवारी नवराबायको एस. टी.ने अंबाडीला गेली. नाक्यावर विचारत विचारत दामू सापडला. लग्नाचे माइक आणि भोंगे दुरुस्त करायचं काम तो एका पत्र्याच्या टपरीत करत होता. मागे घर होतं. त्याची बायको गुणाबाई दारात आली, तिने मोहिउद्दीनला ओळखलं आणि ती आत निघून गेली.

मोहिउद्दीन उभ्यानेच बोलला. दांडीत काही दोष नव्हता, तुझ्या पार्टांतही नव्हता, दोष माझ्या हातात होता. जिथे जिथे मी तुझ्याबद्दल वाईट बोललो तिथे जाऊन खरं सांगून आलोय. तू परत चल, दुसरं दुकान मी बघून देतो.

दामूने हातातलं काम खाली ठेवलं नाही.

"हात थरथरतोय ते मला ती दुसरी दांडी आनली त्या पयल्याच दिवशी दिसलं व्हतं, शेट," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी मानलं असतं?" दामूने विचारलं. "मी सांगायचं, आन् तुमी म्हणायचं का दामू सोताचं पाप आमच्या हातावर टाकतोय. चार मानसं उभी व्हती तिथं. आन् कुनाच्या हाताचं असं सांगायचं म्हंजे... जिभंवर येत न्हाय."

जाहिदा म्हणाली की चूक माझी आहे, मला माहीत होतं. दामूने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. बहुतेक ती गप्प का बसली ते त्याला कळलं असावं, पण म्हणून काही सोपं झालं नाही. भिवंडीला तो येणार नव्हता. दुकान गेल्यावर दोन महिने त्याने वीटभट्टीवर काढले होते, गुणाबाईनेही. तिच्या पायावर विटा पडल्या होत्या आणि ती अजून लंगडत होती. हे त्याने तक्रार न करता सांगितलं. माफ केलं असं मी म्हणत न्हाय, म्हणाला, पण राग धरून बी बसलो न्हाय, मला कामं हायत.

तरी गुणाबाईने चहा आणला. कप काठोकाठ भरलेले होते. मोहिउद्दीनने आपल्या कपाकडे पाहिलं आणि हात पुढे केला नाही. दामूने त्याच्या कपातला अर्धा चहा आपल्या कपात ओतला आणि कप त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.

घरी आल्यावर खोकी पलंगाखाली गेली. ती फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत तिथेच होती. मग एका दुपारी जाहिदाने ती स्वतःच काढली, तारा जोडल्या आणि दांडी स्वतःपुढे ठेवली. थ्रॉटल तिने नवऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवला. तो हात अजून चांगला होता. दोन खोक्यांची जोडी घेतली तेव्हा हा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता.

ती शिकायला मंद होती. विमान वळवताना ती स्वतःही खुर्चीत वळायची. तो चिडायचा, मग सांगायचा. नाक खाली, थोडं, थोडंच, आता धर. जोर किती द्यायचा, कधी काढायचा, ते त्याच्या हातात. पहिले चाळीस-पन्नास वेळा त्यांनी विमान आपटलं. मग कधीतरी ऑक्टोबरात चाकं टेकली आणि विमान धावपट्टीवर वाकडंतिकडं पळत थांबलं. मोहिउद्दीन थ्रॉटल मागे ओढून बसून राहिला. शाबास वगैरे काही म्हणाला नाही. पुन्हा घे, म्हणाला.

अशी चौदा महिने दुपार जायची. १९९९ च्या सप्टेंबरात त्याचा डावा हातही धरायचा बंद झाला. थ्रॉटल पुढे सरकवायला गेला की मध्येच अडखळायचा, आणि विमान वेग नसल्यामुळे खाली यायचं. दोन-तीन दिवस त्याने प्रयत्न केला. मग एका दुपारी त्याने हात काढून मांडीवर ठेवला आणि आता बंद कर म्हणाला.

तिने बंद केलं नाही. थ्रॉटल उचलून तिने आपल्या डावीकडे घेतला.

त्या वर्षाअखेर लूम विकले. खाली आवाज नव्हता, म्हणून त्याचं बोलणं ऐकू तरी यायचं. त्याचा आवाज आता कुजबुजीएवढा राहिला होता. जाहिदा दोन्ही हातांनी विमान चालवायची आणि तो शेजारी पडद्याकडे बघत बसायचा. "उंची," असं तो म्हणायचा. ती आकडा वाचून सांगायची. त्यावर त्याची मान हलायची. ती त्याने हलवली की आपोआप हलली, हे बघायला जाहिदा आता वळत नसे.