वर्तणुकीचा रकाना

"भाऊसाहेब, हा लेख बघाच. वाचताना काल मी एकटाच हसत सुटलो होतो," असं म्हणत मुख्याध्यापक फादरांनी चार कागद टेबलावर ठेवले. "रागावू नका, पण तुमच्या इतिहासानं पुस्तक जरा जड झालंय. मध्येच हे घातलं की वाचणाऱ्याला मोकळं वाटेल."

"रागवायचं काय त्यात? इतिहास जडच असतो, फादर," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

मुलांच्या त्या शाळेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त पुस्तक निघायचं होतं, आणि ते काम निवृत्त हेडक्लार्क भाऊसाहेबांवर सोपवण्यावाचून फादरांना दुसरं काही सुचलं नव्हतं. अडतीस वर्षं त्या ऑफिसात काढलेला माणूस! चर्चला लागून असलेल्या दोन खोल्यांत अकरा मुलांनिशी शाळा कशी उघडली, पहिल्या फादरांना इथली भाषा येईना म्हणून वर्षभर त्यांनी नुसतं गणितच कसं शिकवलं, वादळात छप्पर उडालं तेव्हा नववीचा वर्ग चॅपेलच्या बाकांवर कसा बसला, सगळं त्यांना तोंडपाठ. तीन महिने ते रोज सकाळी यायचे, रजिस्टरं उपसायचे आणि मोत्यासारख्या अक्षरात पानं भरायचे.

फादर चहा आणायला गेले आणि भाऊसाहेब वाचू लागले. लेख एका माजी विद्यार्थ्याचा होता. तो आता परदेशात नामांकित सर्जन होता. पहिलं पान मास्तरांच्या टोपणनावांत गेलं. भाऊसाहेब दोनदा हसलेसुद्धा. मग त्यांनी पान उलटलं.

'चॅपेलमागच्या खोलीत मिस्साच्या उपासनेसाठी वाइन ठेवलेली असे. ती चाखायचीच, अशी आम्हा तिघांची पैज. खोलीची किल्ली ऑफिसातल्या फळीवर टांगलेली. मी बोनाफाइड मागायला गेलो आणि क्लार्कची पाठ वळताच ती लांबवली. अर्धी बाटली प्यायलो, उरलेली हातातून पडून फुटली, आणि आमची पाचावर धारण बसली. तेवढ्यात क्लार्कचा मुलगा समोर आला. आमच्याच वर्गातला. सतत शीळ घालायचा, म्हणून त्याला शिट्टी म्हणायचो. आमचे चेहरे बघून तो इतका हसला की पोट धरून खाली बसला. मग म्हणाला, द्या ती किल्ली इकडे, मी गुपचूप लावून येतो, नाहीतर बाबांना उगाच बोलणी बसतील. पठ्ठ्या गेला आणि ऑफिसच्या दारातच रेक्टर फादरांच्या तावडीत सापडला! आमची नावं मात्र त्यानं शेवटपर्यंत सांगितली नाहीत. पुढे त्यानं शाळा सोडली म्हणे. कुठे असेल तो आज? भेटलाच, तर एक बाटली माझ्याकडून!'

भाऊसाहेबांनी पान खाली ठेवलं. पुन्हा उचललं. 'क्लार्कचा मुलगा' इथपासून परत वाचलं.

एकतीस वर्षांपूर्वी याच ऑफिसात तेव्हाचे रेक्टर त्यांना म्हणाले होते, "मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही नका लिहू. मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

"नाही फादर. माझं काम आहे ते."

केवढा ताठा होता त्या बोलण्यात! पोटचा पोर असला तरी नियम तो नियम, हे सगळ्या शाळेनं बघावं, असं त्यांना आतून वाटत होतं. वर्तणुकीच्या रकान्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'असमाधानकारक'. खिडकीच्या पलीकडे पोरगा उभा होता.

"बाबा, एक मिनिट ऐका ना..."

"इथं सही कर."

"बाबा..."

"सही."

त्यानं सही केली. घरीही भाऊसाहेब त्याच्याशी बोलले नाहीत. दहा दिवसांनी तो एका ट्रकवाल्याबरोबर लांबच्या शहरात गेला, गॅरेजात लागला. आईला पत्रं यायची. चौथ्या वर्षी तार आली. कावीळ पोटात भिनली होती. दोघं नवरा-बायको पोचले तेव्हा इस्पितळातला पलंग दुसऱ्या कुणाला दिलेला होता.

"मग? ठेवायचा ना लेख?" फादर चहा घेऊन परत आले.

"फादर, जनरल रजिस्टरमधला जुना शेरा बदलता येतो का हो?"

फादर हसले. "हे तुम्ही मला विचारताय? पहिल्याच महिन्यात तुम्हीच मला दटावलं होतंत. दाखला खिडकीबाहेर गेला की देव आला तरी काही बदलायचं नाही." मग त्यांनी भाऊसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "कुणाचा शेरा?"

"माझ्या मुलाचा." भाऊसाहेबांनी लेखातल्या त्या ओळींवर बोट ठेवलं.

फादरांनी ओळी पुन्हा वाचल्या. या वेळी त्यांना वाचायला बराच वेळ लागला. ते या शाळेत आले तेव्हा त्या गोष्टीला वीस वर्षं उलटून गेली होती. ऑफिसात कुणी तिचा कधी उच्चार करत नसे.

"मला खरंच ठाऊक नव्हतं. काढून टाकू आपण हा लेख. आजच त्यांना कळवतो."

"नको. राहू द्या," भाऊसाहेब म्हणाले. "शंभर वर्षांच्या अख्ख्या इतिहासात तो एवढ्याच ठिकाणी आहे. मी लिहिलेल्या पानांत तर कुठंच नाही." मग ते पान उचलून ते म्हणाले, "हे एक पान घरी नेऊ का? उद्या आणून देतो."

घरी बायको मटार सोलत बसली होती. तिला आता वाचायला दिसत नसे. भाऊसाहेब समोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पान वाचून दाखवलं. 'बाबांना उगाच बोलणी बसतील' या ओळीवर ते अडखळले. ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचून ते पुढे गेले. शेवटची बाटलीची ओळ त्यांनी गाळली.

तिचे हात थांबले नव्हते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी नाही केलं, एवढं म्हणाला होता मला. नावं नाही सांगितली. मी त्या रात्री तुम्हाला म्हटलं होतं, निदान विचारा तरी त्याला. तुम्ही भरल्या पानावरून उठलात."

"हो."

"मग मीही गप्पच बसले. तेही चुकलंच माझं."

भाऊसाहेबांनी पानाची घडी घालायला घेतली. कागदाचा आवाज ऐकून तिनं मटाराचं ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि खुर्चीजवळ सरकली.

"घडी नका घालू इतक्यात," ती म्हणाली. "तो हसला म्हणून लिहिलंय ना... तेवढं परत वाचा."