न दिसणाऱ्याची भीती

सायलीचा पाय हलायचा थांबत नव्हता. फरशीवर विहीर, पायऱ्या, खांब, दार काढलेला चौकड्यांचा मोठा कागद अंथरलेला. त्यावर तिची तिरंदाज उभी होती, म्हणजे एक निळं बटण. समोरचा राक्षस नुकताच अदृश्य झाला होता. तिरंदाजात एकच जीव उरला होता. पुढचा फटका बसला की संपली. आणि मेलेल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद तिथंच फाडायचा, हा आमच्या घरचा नियम. सायलीचा कागद दोन वर्षांचा होता. त्या तिरंदाज बाईचं गाव, तिची आई, तिच्या खोडी, सगळं तिनं त्यावर लिहून ठेवलेलं.

हा खेळ माझा नातू ऋतुराज चालवतो. राक्षस तोच, न्यायाधीश तोच. सायली त्याची धाकटी बहीण. सिडकोतल्या घरी रविवारी दुपारी बैठक बसते. नियम तो मराठीत उतरवून वहीत लिहितो. वही माझ्याकडं असते, कारण मी बोट ठेवून वाचतो आणि ही पोरं अर्धं वाचून भांडतात.

"त्याच्या आरोळीनं तुला भीती बसलीय," ऋतुराज म्हणाला. "फासा दोनदा टाक, कमी आकडा धर."

"दिसतच नाय, तर भ्यायचं कशाला?"

"न दिसणाऱ्यालाच जास्त भ्यावं लागतं, येडे."

"दादा, तू जानबूझके करतोयस! आबा, वाचा हो."

मी वाचलं. ज्याचं भय बसलं तो दिसतोय तोवरच फासा दोनदा टाकायचा. सायलीनं टाळी वाजवली.

"थांब, खाली अजून हाये," मी म्हणालो. "भ्यालेल्याला त्याच्या जवळ सरकता येत नाय." इथं दिसण्या-न दिसण्याचं काही लिहिलेलं नव्हतं.

"बघ!" ऋतुराज हसला. "आता मार बाण. एकच हाये. कोणत्या घरात मारायचा ते आधी सांग. घर चुकलं की बाण वाया, मग माझी पाळी."

सायली नखं खायला लागली. मलाही बसवेना. आमच्या गावी, देवगाव रंगारीला, उसाच्या बांधावर माझा हरण्या बैल एकदा असाच अडला होता. चाबूक ओढला तरी उसाच्या एका पट्ट्याकडं पाऊल टाकीना. बिबट्या त्याच पट्ट्यात निघाला.

"पोरी, आधी चालायचं विचार," मी म्हणालो. "बैल जिकडं अडतो तिकडंच बिबट्या असतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बटणावर बोट ठेवलं. "दादा, विहिरीकडं जाऊ?"

"जा."

"थांब, नाय जात. पायऱ्यांकडं?"

"जा ना."

"खांबाकडं?"

ऋतुराजनं डोकं खाजवलं. "तिकडं... जाता येत नाय."

"का?"

"आबा, ही चीटिंग हाये!"

"वही तुझीच हाये, बाबा. तुझ्याच अक्षरात."

खांबापलीकडं एकच घर होतं, मग भिंत. सायलीनं त्या घरावर बोट टेकवलं. "इथं."

वीस बाजूंच्या फाशावर निदान तेरा पाहिजे होते. फासा कागदाबाहेर गेला, माझ्या गुडघ्याला लागून थांबला. चौदा.

"लागला," ऋतुराज पुटपुटला. त्याच्या राक्षसातही फार जीव उरला नव्हता. "मेला."

सायली हसली नाही. आपल्या कागदावर तळहात दाबून बसली. ऋतुराजनं मात्र राक्षसांच्या जागा लिहिलेली, पुठ्ठ्याच्या आडोशामागची पानं काही मिटली नव्हती.

"दादा," तिनं हळूच विचारलं, "दाराकडं जाऊ?"

त्यानं ती पानं छातीशी ओढली. "तिकडंही... जाता येत नाय."