पाऊण इंच

बदरुद्दीनला रजा मंजूर होऊन चार महिने झाले होते. सही झालेला कागद मात्र हॉलिससाहेबाच्या खणात पडून होता. सहा सप्टेंबरची बोट चुकली तर वीस तारखेच्या निकाहाला तो पोचणार नव्हता. निकाह त्याच्या धाकट्या बहिणीचा, जमिलाचा. बाप वारल्यापासून घरात मोठा तोच, त्यामुळे वली, म्हणजे नवरीचा पालक म्हणून त्यानंच उभं राहायचं होतं.

हे साल छप्पन्नचं. कुवेतमध्ये जिकडे बघावं तिकडे खोदकाम चाललं होतं आणि शर्क भागातल्या एका इंग्रज कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात सहा ट्रेसर, म्हणजे नकाशे शाईनं उतरवून काढणारे, दिवसभर वाकून बसत. बदरुद्दीन त्यांच्यातला सगळ्यात नेटका. त्याची रेघ थरथरत नसे. नेमकं हेच त्याला भोवलं.

हॉलिससाहेब ऑफिसचा मुख्य. इंग्लंडात त्याचं छोटं गाव होतं, एक चर्च, एक गिरणी, एक ओढा आणि चारपाचशे माणसं. तिकडे नवा कायदा झाला होता म्हणे, की प्रत्येक गावानं आपल्या शेतांतून जाणाऱ्या जुन्या पायवाटा नकाशावर मांडून सरकारला द्यायच्या. साहेब गेल्या रजेत घरी होता तेव्हा गावच्या कमिटीत त्यानं हे काम अंगावर घेतलं. त्यावर एक छोटं पुस्तकही काढायचं ठरलं होतं. चर्चपासून निघायचं, शेतांतून, कुंपणं ओलांडत फिरायचं आणि परत चर्चपाशी यायचं, असे चार फेरे. साहेब प्रत्येक फेरा पावलं मोजत चालला होता. कुंपण आलं की वहीत पावलांचा आकडा, वळण आलं की होकायंत्र बघून दिशा. ती वही त्यानं बदरुद्दीनच्या टेबलावर ठेवली.

"ऑफिसचं काम सांभाळून कर," तो म्हणाला. "चारही नकाशे झाले की खुशाल घरी जा."

बदरुद्दीननं साहेबाला कॉरिडॉरमध्ये साठ पावलं चालायला लावलं आणि टेप धरला. पाऊल तेहतीस इंचांचं निघालं. परत येताना साहेबानं एकदा भिंतीला हात लावला, तेवढं बदरुद्दीनच्या लक्षात राहिलं.

पहिले दोन फेरे सुरळीत झाले, चौथाही जुळला. तिसरा, गिरणीचा, काही केल्या जुळेना. चर्चहून निघालेली रेघ गिरणीला वळसा घालून परत यायची ती चर्चवर न थांबता पुढे जायची. नकाशावर पाऊण इंच, म्हणजे तिकडच्या जमिनीवर सव्वादोनशे यार्ड. त्यानं पुन्हा मांडलं. कोन तपासले. पट्टी बदलली. दुपारचं जेवण सोडून सातव्यांदा मांडलं, तरी पाऊण इंच तसाच.

"तुझी बेरीज चुकते आहे," साहेब म्हणाला.

"सर, बेरीज दुसऱ्याकडूनही तपासून घेतली."

"मग दोघांची चुकते आहे. आकडे खरे आहेत. मी स्वतः चाललो आहे."

शर्कच्या मासळीबाजारामागे एका खोलीत बदरुद्दीन आणि अशरफ राहत. अशरफ त्याच्याच बाजूचा, दाभोळचा, शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसायचा. पंख्याखाली पाय पसरून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ही लोकं घरातून निघतात आणि फिरून घरीच येतात?"

"हो."

"कामाला नाय जात?"

"नाय. नुसते चालायला."

अशरफनं उशी डोक्याखाली ओढली. "मग पाऊण इंच ढकल नं इकडंतिकडं. कोण बघायला जातो?"

बदरुद्दीनला ते पटेना. गेली नऊ वर्षं त्यानं एक रेघ खोटी मारली नव्हती. आणि वैतागानं वही चाळता चाळताच त्याला ते दिसलं. गिरणीपर्यंतचे आकडे तिरपे, दाबून लिहिलेले होते. गिरणीनंतरचे बारीक, गोल. इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ, जी साहेब कधीच मारत नसे. ते आकडे दुसऱ्या कुणाचे होते, आणि चालणारी पावलंही दुसऱ्याची असणार, आखूड. साहेबाला ऑफिसचा जिना चढताना कठड्याचा आधार लागायचा, तेही त्याला आता नीट आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वही नेऊन दाखवली. "सर, इथून पुढे अक्षर वेगळं आहे. कुणी सोबत होतं का?"

साहेबाचा चेहरा लाल झाला. "पेन्सिल बदलली असेल."

"सर, पावलाची लांबी कळली तर एका दिवसात—"

"मी सांगितलं, मी चाललो. पुन्हा मांड."

बदरुद्दीन खाली मान घालून जागेवर आला. रागानं त्याच्या हातातली पेन्सिल मोडली. त्या माणसाचा गुडघा दुखतो हे कबूल करायचं नाही, म्हणून आपण इथे अडकून पडायचं.

मग त्यानं जे केलं ते एरवी केलं नसतं. साहेबाच्या बायकोकडून दर महिन्याला मासिकांचं पुडकं यायचं, त्याच्या मागे पत्ता असे. वीस ऑगस्टला बदरुद्दीननं तिला विमानटपालानं पत्र टाकलं. तीन वेळा खोडून, चौथ्यांदा सुवाच्य लिहून. मॅडम, क्षमा करा, गिरणीपासून चर्चपर्यंत कोण चाललं हे कळलं तर उपकार होतील. उत्तराला पत्ता अशरफच्या दुकानाचा दिला. ही गोष्ट साहेबाला कळली तर नोकरी गेली, हे त्याला ठाऊक होतं.

उत्तर येईना. ऑगस्ट संपला. आईचं पत्र आलं. मांडवाला माणसं सांगितली आहेत, तू बोटीत बसल्याची तार कर. रोज संध्याकाळी तो दुकानात जायचा आणि अशरफ मशीन न थांबवता मान हलवायचा.

चार सप्टेंबरला बदरुद्दीन हरला. गिरणीनंतरचं प्रत्येक अंतर थोडं थोडं कापून त्यानं रेघ चर्चपाशी आणून मिटवली आणि नकाशा साहेबापुढे ठेवला. साहेबानं डिव्हायडर उचलला, वहीतला एक आकडा बघितला, नकाशावर टेकवला. मग दुसरा.

"हे तू आकसवलंस."

बदरुद्दीननं नकाशा गुंडाळायला घेतला.

"माझ्या गावचे लोक या वाटेनं चालणार आहेत. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." आवाज चढवलेला नव्हता. बाकीच्या ट्रेसरांनी मात्र माना वर केल्या होत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा बदरुद्दीनला त्या खोलीत लाज वाटली, आणि तीही साहेबाच्या खोट्यापायी.

"सर, परवा बोट आहे. माझ्या बहिणीचं लग्न आहे. परत आल्यावर मी—"

"आधी हे. कमिटीची तारीख उलटून चालली आहे."

सहा तारखेला बोट गेली. त्या दिवशी हवेत धूळ इतकी होती की ऑफिसच्या खिडकीतून समुद्रही दिसत नव्हता. पोस्टात जाऊन त्यानं तार केली: येऊ शकत नाही, कासमचाचांना वली करा. तारेत कारण लिहिलं नाही. लिहिणार तरी काय?

आठ तारखेला अशरफ स्वतः चालत ऑफिसच्या फाटकापाशी आला. हातात निळं पाकीट होतं.

बाईंनी थोडक्यात लिहिलं होतं. गिरणीपाशी मिस्टर हॉलिस यांचा गुडघा धरला. ते तिथे भिंतीवर बसले आणि पुढचं सगळं मी चालले. मी आज अंगणात मोजून पाहिलं, माझं पाऊल सत्तावीस इंचांचं आहे. आमचे हे त्याविषयी बोलत नाहीत, तेव्हा तुम्हीही बोलू नका अशी विनंती. उत्तराला उशीर झाला, मी बहिणीकडे गेले होते.

त्या दुपारी बदरुद्दीननं तिसरा फेरा नव्यानं मांडला. गिरणीपर्यंत तेहतीस, पुढे सत्तावीस. रेघ ओढा ओलांडून, दोन कुंपणं पार करून, बरोबर चर्चच्या फाटकाशी येऊन थांबली. फरक उरला तो पेन्सिलीच्या टोकाएवढा. एवढी चोख जुळणी झाल्यावर एरवी त्याला बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्याला फक्त बोटीची आठवण येत राहिली.

साहेबानं नकाशा बराच वेळ बघितला. या वेळी त्यानं डिव्हायडर उचलला नाही.

"बघ," तो शेवटी म्हणाला. "मी म्हणत होतो ना, आकडे बरोबर होते."

"हो सर."

"बेरीजच चुकत होती तुझी."

बदरुद्दीनच्या खिशात ते पाकीट होतं. ते काढून टेबलावर ठेवायला एक क्षण लागला असता. पण बाईंनी विश्वासानं लिहिलं होतं आणि त्यांनी आपलं नाव त्या नकाशावर कुठेच मागितलं नव्हतं. "हो सर," तो पुन्हा म्हणाला. साहेबानं खण उघडून रजेचा कागद पुढे सरकवला.

तो गावी पोचला तेव्हा निकाह होऊन दहा दिवस झाले होते. जमिला दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. तिनं त्याला पाणी दिलं, पाव्हण्याला देतात तसं, आणि ओटीवर जरा लांब बसली.

"काझींना मी तासभर थांबवून ठेवलं," ती म्हणाली. "तार आली होती, तरी मला वाटलं तू येशील. मग कासमचाचा उभे राहिले."

त्यानं तिला सगळं सांगितलं. गिरणी, गुडघा, बाईंचं पत्र.

"साहेबाला तोंडावर सांगायचं होतंस, की निम्मी वाट बाईनं मोजलीय."

"सांगितलं असतं तर त्या बाईला बोलणी बसली असती."

"आणि इथं मला बसली ती?"

आतून आई चुलीपाशी भांडी हलवत होती. प्रवासभर बदरुद्दीननं साहेबाला द्यायची उत्तरं रचली होती, हिला द्यायचं एकही रचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला सासरी पोचवायला तोच गेला. खाडीपलीकडे उतरल्यावर अर्ध्या कोसाची चढण होती. जमिला पुढे आणि तो मागे, असे दोघं चढत गेले. घर दिसायला लागल्यावर तिनं त्याच्या हातातलं बोचकं घेतलं.

"जेवून जा," ती म्हणाली. "आमच्याकडच्यांनी तुला अजून बघितलं नाय."