मॅग्नेटोची गरारी

गुलाम हुसेनच्या पत्राला जवाब गेलेला नाही, हे घरात सालेहाच्या सगळ्यांत आधी ध्यानात आलं, आणि मग तिने ते नवऱ्याला, इद्रीसला, कधी विसरू दिलं नाही.

“लिवला का जवाब?” चहाचा कप गॅरेजच्या फळीवर ठेवत ती विचारायची.

इद्रीस गाडीच्या पोटाखाली उताणा पडलेला असायचा. तिथूनच म्हणायचा, “लिवतो.”

“कवा? गाडीखालून बाहेर आल्यावर की गाडीखालीच दफन झाल्यावर?”

“तू जा बाई, भाकर करपत असंल.”

ती जायची. भाकर करपत नसायची, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

पत्र अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत आलं होतं. निळ्या विमानी कागदावर गुलाम हुसेनचं तेच टपोरं अक्षर. दोघे भाऊ भिवंडीच्या मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे एवढी वर्षं बर्मिंगहॅमला राहूनही तो भावाला मराठीतच लिहीत असे. फाउंड्री बंद पडली, असं त्याने लिहिलं होतं. मुलं आपापल्या संसाराला लागली. तुझ्या भाभीला, मेहरुन्निसाला, इथली थंडी सोसत नाही आणि मला इथलं रिकामपण. मग दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली अशी: ‘अब्बांच्या गाडीचं काय झालं? मॅग्नेटोच्या गरारीवाचून पडली असेल तर इथल्या जुन्या सामानाच्या बाजारात तीन जातींच्या गराऱ्या दिसतात. मोठ्या भोकाची, मधल्या भोकाची आणि लहान भोकाची. आपल्याला कुठली लागते, आता आठवत नाही. कळव.’ आणि दुसरी त्याखाली, शाई थोडी थांबून उतरल्यासारखी: ‘गॅरेजात मला एक स्टूल मिळेल का? तू ये म्हणालास तर येईन.’

थोरल्या भावाने धाकट्याला असं विचारावं, याला कारण होतं. विलायतेला जाताना गुलाम हुसेनने गॅरेजवरचा आपला हक्क जमातीच्या चार माणसांदेखत सोडला होता. सोडल्या हक्काच्या दारात बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. बोलावणं आलं नाही, तर पुन्हा विचारायचंही नाही.

इद्रीसला स्टुलाचं काहीच वाटलं नाही. स्टूल तर होतंच. भाऊ गेल्यापासून त्याच्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं, तेलाचा डबासुद्धा ठेवला नव्हता. त्याला झोंबली ती गरारी.

गाडी म्हणजे बी.एस.ए. मोटारसायकल. अब्बांनी लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून उचललेली. एका सिलिंडरची, बैलासारखी थोराड. अब्बा गेले आणि तीही बसली. मग दोघा भावांनी ती पुन्हा उभी करायला घेतली. भिवंडीत हे काम वाटतं तेवढं अवघड नव्हतं. इथले जुने लूम, म्हणजे यंत्रमाग, मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले, मूळचे विलायती. त्यांच्या नटबोल्टांचे आटे या गाड्यांच्या आट्यांशी तंतोतंत जुळत. आख्ख्या मुलुखात न मिळणारा बोल्ट नारपोलीच्या एखाद्या कारखान्याच्या कोपऱ्यात सुताच्या गुंताड्यात पडलेला सापडे. इद्रीसने अशा किती ट्रायम्फ, किती नॉर्टन लूमच्या हाडांवर चालत्या केल्या होत्या. लांबलांबून लोक येत.

पण अब्बांच्या गाडीची मॅग्नेटो फिरवणारी दातेरी गरारीच तुटलेली होती. ती नाही तर ठिणगी नाही, आणि ठिणगी नाही तर गाडी म्हणजे लोखंड. लूममध्ये तसली वस्तू असणार कुठून? विमानतळावर जाताना गुलाम हुसेन हसत बोलून गेला होता, “इद्रीस, भिवंडीत हाडं मिळतील रे, काळीज नाय मिळायचं. ते मी तिकडून पाठवीन.”

थट्टाच होती. पण इद्रीसच्या मनात ती कुसळासारखी रुतून बसली. आईचं आजारपण त्याने काढलं, तिला मूठमाती त्याने दिली, गॅरेजचं छप्पर दोनदा त्याने बदललं. आणि काळीज काय ते विलायतेहून येणार? पत्र वाचलं त्याच दिवशी त्याने ठरवलं. गरारी इथेच शोधायची. गाडी चालू करायची. आणि मग लिहायचं: ‘भाय, गाडी चालू हाय, ये.’

सालेहाला हे सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. “अवो, ‘ये’ तेवढं आधी लिवा. गाडी मागाहून चालू करा. ते काय गाडीवर बसून येणार हायत?”

“तुला न्हाय कळायचं.”

“मला कळतंय. म्हणून तर बोलतेय.”

त्याने कुर्ल्याचं भंगार पालथं घातलं, पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन आला. एका टर्नरकडून लूमच्या चाकाचे दात भरून घेऊन पाहिले. गाडी दोन किका खोकली आणि दात झडले. ईदला विलायतेहून कार्ड आलं. आत फक्त सही होती, बाकी काही नाही. इद्रीसने ते सालेहापुढे नाचवलं. “बघ, राग असता तर कार्ड आलं असतं?”

सालेहा कार्ड उलटसुलट करून म्हणाली, “एवढ्या मोठ्या कार्डात सहीच तेवढी?”

पाऊसकाळ सरल्यावर कुणीतरी खबर दिली की मानकोलीत केसरीनाथच्या गोठ्यात अशीच एक गाडी पडून आहे. इद्रीस गेला. केसरीनाथ आगरी शेतकरी, अंगाने दांडगा, गळ्यात सोन्याची साखळी. त्याने गोठ्यातला पेंढा बाजूला सारला. खाली इंजिन होतं. नुसतं इंजिन. त्यावर एक कोंबडी बसली होती.

“बाकीची गाडी?”

“भावाकडं,” केसरीनाथ म्हणाला. “वाटनी झाली तवा इंजान माजे वाटनीला आला, चाका नि सांगाडा महादूचे.”

इद्रीसला हसू आवरेना. “गाडी कशी रे वाटली? ना तुला कामाची, ना त्याला.”

“मंग काय झाला? त्याला बसाया न्हाय गावली ना!”

आतून त्याची बायको हौसा ओरडली, “तुमी तरी बसलाव का? कोंबरी बसतंय तिच्यावर!”

इंजिनाची बाजू उघडली, तर आत काळ्या तेलात गरारी होती. सगळे दात शाबूत. भोक मधलं. इद्रीसने ती फडक्याने पुसली आणि तळहातावर धरली. त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी बघून केसरीनाथ ओशाळला.

“ने. मना काय करायचाय तिचा. कोनासाटी येवरा?”

“भावासाठी. विलायतेला असतो. यायचंय त्याला.”

“मंग येत का न्हाय?”

“मी बोलावलं नाय अजून.”

हौसा पदराला हात पुसत दारात आली. “का न्हाय बोलवला? मानूस काय ढोर हाय, दावा सोरला का आपला आपून घरा येल?”

इद्रीसने गरारी रुमालात बांधली. “आता बोलावतो,” तो म्हणाला.

एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, गाडी चालू झाली. पहिल्या किकेला काहीच नाही. दुसऱ्या किकेला एक उसासा. तिसऱ्या किकेला ती धडधडली आणि शेजारच्या कारखान्यांची खटाखट तेवढ्यापुरती ऐकू येईनाशी झाली. लूमवाले हातातलं काम टाकून दाराशी आले. “क्या आवाज है, चचा!” कुणीतरी म्हणालं. समोरच्या कारखान्याचे मजीद शेठ म्हणाले, “तुझे अब्बा आले असं वाटलं रे.”

सालेहा दारातच उभी होती. तिने डोळे टिपले आणि म्हणाली, “आज लिवा.”

इद्रीस त्याच दिवशी विमानी कागद घेऊन आला. लिहायलाही बसला. पण गाडीकडे नजर गेली आणि त्याला वाटलं, हे असं गंजलेलं ध्यान कळवून काय उपयोग? भाय विचारील, चालू हाय, पण दिसते कशी? टाकीला रंग देऊ, हँडलला चकाकी आणू. मग एक फोटो काढू. पत्रात फोटो निघाला की त्याला शब्द लागणार नाहीत. स्वतःच्या अक्षराचीही त्याला लाज वाटे. फोटोचं त्याच्या मनाने घेतलं.

रंग झाला. चकाकी आली. फोटोवाला येऊन गेला, म्हणाला, रोल संपला की धुवायला टाकतो.

रोल संपायच्या आत मजीद शेठच्या कारखान्यातला माणूस धावत आला. “इद्रीसभाय, फोन. विलायतेचा.”

कारखान्यात लूम चालूच होते. मजीद शेठने हात वर करून ते बंद करवले. एकेक लूम थांबत गेला. इद्रीसने रिसीव्हर कानाला लावला.

“इद्रीस,” मेहरुन्निसाचा आवाज आला, “तुझे भाय गेले रे.”

ती बोलत राहिली. झोपेतच गेले. त्रास झाला नाही. मातीही झाली, इथेच, मुलांनी सगळं केलं.

“एक विचारू? तू नाराज होतास काय त्यांच्यावर?”

“नाय भाभी. अल्लाकसम नाय.”

“मग जवाब का नाय दिलास? रोज टपालवाल्याच्या वेळेला खिडकीत बसायचे. मी म्हणायची, पुन्हा लिवा, पत्र गहाळ झालं असंल. तर म्हणाले, नाय. त्याला नको म्हणवत नाय, म्हणून गप हाय.”

“गाडी…” इद्रीस म्हणाला. “गाडी चालू करून लिवणार होतो.”

तारेत नुसती खरखर होती.

“झाली चालू?”

“झाली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, आणि ते त्याला सोसवलं नाही. “त्यांच्या कपाटात तीन गराऱ्या हायत. तू कळवलं नाय, मग तिन्ही घेऊन आले. म्हणाले, एक तरी बसंल. तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवल्यात. त्यांचं मी काय करू?”

त्याने काहीतरी सांगितलं असावं. काय सांगितलं ते त्याला नंतर आठवेना. रिसीव्हर मजीद शेठनेच त्याच्या हातातून काढून घेतला. लूमवाले खाली मान घालून उभे होते. इद्रीस बाहेर पडेपर्यंत कुणी लूम चालू केला नाही.

माणसं भेटून गेली. घरात कुराणखानी झाली. केसरीनाथसुद्धा मानकोलीहून आला आणि जाताना म्हणाला, “भावाकडं, महादूकडं जाऊन येतंव.” गाडीवर इद्रीसने गोणपाट टाकलं. सालेहाने त्याला पत्राचं विचारायचं सोडून दिलं, आणि तिच्या न विचारण्याने गॅरेज फार मोठं वाटू लागलं. रात्रीचं जेवण ती त्याच्यापुढे ठेवी. तो चार घास खाई. एकदा तिनेच ताट बाजूला सारून त्याचा हात धरला आणि म्हणाली, “ते तुमच्यावर रागावले नव्हते. रागावलेला माणूस तीन तीन गराऱ्या घेऊन ठेवतो काय?” इद्रीस पहिल्यांदा तेव्हा रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो विमानी कागद घेऊन बसला. मेहरुन्निसाला लिहायचं, असं मनाशी धरून बसला होता. गराऱ्यांचं काय करायचं, ते तिला कळवायला हवं होतं. त्याने पत्ता घातला आणि बघतो तर वर नाव गुलाम हुसेनचं पडलं होतं. त्याने ते खोडलं नाही. आत लिहिलं,

‘भाय,
मधल्या भोकाची लागते. येताना घेऊन ये.
इद्रीस.’

कागद चिकटवून तो पोस्टात गेला. खिडकीतल्या कारकुनाने पत्ता वाचला, शिक्का मारला आणि कागद परत देत विचारलं, “घाईचं आहे का चाचा? आजची थैली निघायचीय. इथंच द्या, पेटीत टाकलंत तर उद्यावर जाईल.”

“आजच जाऊ दे,” इद्रीस म्हणाला आणि खिडकीतून ते आत सरकवलं.