वर राहिलेलं बटण

बटण वरच होतं. बुद्धिबळाच्या घड्याळाचं, साडूच्या बाजूचं, घामेजल्या बोटांनी चकाकणारं – त्यानं घोडा दणक्यात ठेवला आणि बटण दाबायलाच विसरला. म्हणजे खेळायची पाळी याची, पण वेळ पळतोय साडूचा... आणि साडू गालावर हात ठेवून निवांत.

यानं हसू मिशीत दाबलं. सांगायचं बंधन नाही. तसाही डाव कधीच संपलाय – स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तगड्यासमोर लिंबूटिंबू बसवतात, यंदा नेमका मेहुणीचा नवरा, कापडाच्या दुकानात दिवसभर मीटर लावणारा, यानंच शिकवलेला.

पण दोरीपलीकडे बायको उभी आहे. इतकी वर्षं जिंकून आणलेले कप नुसते पुसले तिनं, खेळ बघायला कधी आली नाही. आज बहिणीचा हात धरून आली, कुणासाठी, तर साडूसाठी! सकाळी म्हणे, "अहो, त्यांना लगेच हरवू नका हं. घाबरलेत."

"आणि मी?"

"तुम्हाला काय धाड भरलीय!"

याला आठवलं, मागे घरी मी त्याचा वजीर गोंदानं पटाला चिकटवला होता – साडू ओढतोय, वजीर सुटेना, बोटंही चिकटली, अख्खा पट वर... सगळे लोळले. मग ही कोमट पाण्यात त्याची बोटं सोडवत बसली, एकेक बोट, हसत. गोंद माझ्याही बोटांना होता. मला कोण विचारतंय!

आणि आता – ती याच्याकडे बघत होती. याच्याकडेच. हा खेळत नाही म्हणजे अडकला, असं वाटलं असणार. ओठ चावत दोरीला येऊन टेकली. यानं उगाच, नाटक म्हणून, कपाळाला हात लावला. तिचा चेहरा एवढासा झाला.

साडू वाकून कुजबुजला, "दादा, दमानं घ्या. सुचेल."

सुचेल म्हणे! बटणाकडे नुसतं बोट दाखवलं तरी साडू दचकून दाबेल, मी मात देईन, आणि दोघी च्‌ च्‌ करत त्याच्याकडे धावतील. नाही दाखवलं तरी तेच – त्याचे आकडे शून्यावर आले की मी जिंकलो. म्हणजे हरणाऱ्याची मजा... आणि मी गाढवासारखा जिंकत बसलो.

आकडे पळत होते. अरे, जरा हळू... ती बघतेय अजून. हरायचं तर कुठून सुरुवात करतात, हे पटावर शोधताना याला खराच घाम फुटला, आणि नाटकातला तो हात कपाळावरून निघेना, गोंद लावल्यासारखा.