तीन दिवस झाकलेला समुद्र

अन्सारला ती टाकी नकोशी झाली होती. पण बोलणार कुणाजवळ? सगळ्या दूध बाजारात त्याचं नाव 'समुंदरवाला' पडलेलं. रेडिओ दुरुस्तीचं हातभर दुकान, भिंतीला लागून चार फुटी काचेची टाकी, आणि तिच्यात खाऱ्या पाण्याचा खराखुरा समुद्र. तोही नाशकात! लोक बंद पडलेला रेडिओ काखेत धरून यायचे नि रेडिओ विसरून टाकीपुढे उभे राहायचे. आत एक खडक, खडकावर समुद्रफूल. फूल कसलं, जिवंत प्राणीच तो, बोटांसारखे शंभर हात हलवणारा. नि त्या हातांत शिरून बसणारी नारंगी माशांची जोडी, अंगावर पांढरे पट्टे.

पाणी यायचं विंचूरच्या कांद्याच्या ट्रकमधून. गोटीराम ड्रायव्हर मुंबईला कांदा उतरवायचा आणि येताना समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणायचा. "लोकं मुंबईवरून साड्या आणत्यात," तो म्हणायचा, "आन् मी खारं पाणी. घरची म्हणती, तुला लागीर झालंय." पाण्याला कांद्याचा वास यायचा. माशांनी कधी तक्रार केली नाही.

चार वर्षं निभावलं. मग पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेवाळ धरलं. आधी खडकाच्या कडेला नुसती हिरवी लव. म्हणता म्हणता केस, केसांच्या जटा. अन्सार रोज सकाळी दात घासायच्या ब्रशने खडक घासायचा, दोन दिवसांत परत तेवढंच. जटांनी समुद्रफुलाला गळ्यापर्यंत वेढलं. ते मिटून, आक्रसून बसायला लागलं. अन्सारही तसाच. कुणी रेडिओ आणला की त्याला वाटायचं, हा आता गेलेला बरा.

शेवटी त्याने मुंबईच्या एका मत्स्यालयात काम करणाऱ्या माणसाला पत्र टाकलं. चार ओळींचं उत्तर आलं. तीन दिवस पूर्ण अंधार करा. शेवाळ उजेडावर जगतं, ते उपाशी मरेल. मासे आणि फूल तेवढं सोसतात. मधे उघडून बघायचं नाही. आणि हवा एक मिनिट बंद पडू देऊ नका, कारण मरतं शेवाळ पाण्यातली हवा खाऊन टाकतं.

"मंगळवारी सकाळी झाकतो, शुक्रवारी सकाळी उघडतो," त्याने ताहेराला, बायकोला, सांगितलं. "नाही साफ झालं तर उपसूनच टाकतो. मासे, फूल, सगळं गोटीरामबरोबर मुंबईला परत. तिथं तुझी शिलाई मशीन ठेव."

"चार वर्षं ऐकतेय मी."

"या वेळी खरंच."

बोलून झालं आणि पायातला काटा निघाल्यासारखं वाटलं त्याला. मग त्याचीच लाज वाटली.

मंगळवारी टाकीला चारी बाजूंनी काळा कागद चिकटवला, वरून ताहेराची जाड गोधडी. येणारा जाणारा विचारायचा, "काय, परत लढाई लागली का? एकाहत्तरला असाच कागद लावायचो आम्ही खिडक्यांना." पहिल्या दहा जणांना अन्सारने समजावून सांगितलं. नंतर नुसता "हो" म्हणायला लागला.

खरा ताप लाईटचा होता. दिवसातून दोन-तीनदा जायची, की टाकीत हवा सोडणारा विजेचा पंप बंद. त्यावर त्याने उपाय काढला होता. ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब पायपंपाने टम्म फुगवायची, तोंडाला बारीक नळी, नळीला चिमटा. चिमटा थोडा ढिला केला की हवा तासभर टाकीत बुडबुडत राहायची. बुडबुड्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून दोन रात्री तो दुकानातच आडवा झाला. झोप कसली? आवाज आला तरी जाग, थांबला तरी जाग.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे तांबारले होते. तेवढ्यात भिकनचाचा आले. चाचा दर गुरुवारी लोबानाचा धूर द्यायला दुकानोदुकान फिरायचे. एका हातात निखाऱ्यांची लोबानदाणी, दुसऱ्या हातात मोरपिसांचा पंखा. वाण्याच्या दुकानातही जायचे, सायकलवाल्याच्याही. चाचांचा धूर मिळाला की आठवडा बरा जातो, असं सगळी गल्ली मानायची.

"काय रे समुंदरवाले, आत मजार बांधली का?"

"आजारी आहे चाचा. अंधारात ठेवलंय."

चाचांचा चेहराच उतरला. "आजारी? मग आधी सांगायचं ना, बेवकूफ!"

"चाचा, गोधडी उचलू नका हां."

"नाही उचलत बाबा. परदा कळतो मला."

त्यांनी मूठभर लोबान निखाऱ्यावर टाकला. तीनदा टाकीसमोर येरझाऱ्या घातल्या, प्रत्येक कोपऱ्यावर पंख्याने धूर सारला आणि डोळे मिटून दुवा मागितली. माशांसाठी आजवर कुणी दुवा मागितली नव्हती. अन्सारला एकदम भरून आलं. थकलेल्या माणसाला भरून यायला वेळ लागत नाही.

चाचा पायरी उतरले आणि लाईट गेली.

अन्सारने ट्यूब ओढली, पायपंप लावला. एक, दोन, पन्नास, शंभर. डोळे चुरचुरत होते, पण ते तीन दिवस चुरचुरतच होते. ट्यूब टणक झाली. चिमटा ढिला केला. गोधडीखालून बुडबुड ऐकू आली आणि भिंतीला पाठ टेकून तो मस्त पेंगला.

ताहेरा चहा घेऊन आली ती दारातच खोकली.

"अजी, दुकान आहे का भट्टी?"

"चाचा आले होते."

"आणि लाईट कधीची गेली?"

"झाला अर्धा तास."

तिने ट्यूबकडे बघितलं. मग पंपाकडे. "म्हणजे ही सगळी हवा इथलीच भरली?"

अन्सार उठून बसला. डिक्शनरी घेऊन माशांवरचं इंग्रजी पुस्तक वाचलेला माणूस. रेडिओच्या पोटातली तार अन् तार ओळखणारा. आणि पंप जिथं ठेवाल तिथलीच हवा ओढतो, धुरासकट, एवढं त्याला सुचलं नव्हतं. गोधडी उचलू नका, एवढंच काय ते त्याने सांभाळलं होतं.

त्याने चिमटा आवळला. "उघडू? सकाळपर्यंत उघडायची नाही म्हणून लिहिलंय."

"ते मुंबईत बसलेत. उघडा."

त्याने गोधडी ओढली, कागद फाडला, टॉर्च मारला. एक मासा वाळूवर आडवा पडला होता, कल्ले थांबलेले. दुसरा पाण्याच्या तोंडाशी येऊन आ वासत होता. समुद्रफूल मुठीसारखं मिटलेलं. आणि खडक साफ! जटा पांढऱ्या पडून कुजक्या दोऱ्यांसारख्या गळून खाली पडल्या होत्या.

अन्सारने ट्यूब गल्लीत नेऊन रिकामी केली, उघड्या हवेत परत भरली. नळीने तळातलं घाण पाणी काढलं. ताहेराने ओढणी कमरेला खोचली आणि शेवटचे दोन कॅन स्वतःच उचलून बारीक धारेने ओतले. लाईट आली तेव्हा उरलेला मासा खाली उतरून फुलाला चिकटून बसला होता.

अन्सारने मेलेला मासा तळहातावर घेतला. दोन बोटांएवढाही नव्हता.

"चाचांना काय सांगू आता?"

"काही सांगू नका. त्यांनी दुवा मागितली. पंप तुम्ही मारला."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "साफ झालंय. मग उपसायची नाही ना?"

अन्सारने खडकाकडे बघितलं. एक मासा गेला म्हणजे उपाय फसला, असं म्हणता आलं असतं. त्याने मनातल्या मनात ते म्हणूनही बघितलं. पण शेवाळ मेलं होतं, शब्द त्याचाच होता, आणि फुलाने एक हात बाहेर काढला होता.

"नाही उपसत," तो म्हणाला. सुटका झाल्यासारखा नाही, परत कामावर बोलावल्यासारखा.

"मग गोटीरामला निरोप द्या. पाण्याचा थेंब नाही उरला." मीठ संपलंय म्हणावं तसं ती म्हणाली. "आणि चहा प्या. गार झाला."

त्याने तो गार चहा उभ्यानेच संपवला आणि ट्यूब नि पायपंप उचलून बाहेरच्या ओट्यावर निघाला.

"आता कशाला? लाईट आहे ना?"

"जाईल परत," अन्सार म्हणाला नि त्याने पंपावर पाय ठेवला.