हळदीचं तिकीट

मी एक आण्याचं टपाल तिकीट बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय! निजामाच्या राज्यातला माझा जन्म. आता आदिलाबादच्या एका संग्रहालयात काचेखाली पडलोय.

लोक येतात, काचेवर तेलकट बोटं उमटवतात आणि पंखा कुठं आहे ते शोधतात. मेल्यांनो, बघायचंच नाही तर येता कशाला?

पण माझा खरा राग बाबारावांवर. हे दालन त्यांच्याच संग्रहाचं. गेल्या वर्षी त्यांनी बेला गावच्या कौशल्याबाईंकडून एक जुनं पत्र मागून आणलं. "परदर्शन झालं का वापस देतो, मावशी."

पत्राचाच कागद दुमडून पाकीट केलेलं, त्यावर मी. कौशल्याबाईंच्या आईनं भावाला लिहिलं होतं, लेकीच्या बारशाला ये. शुभकार्याचं पत्र म्हणून चारी कोपऱ्यांना हळद लावली, तेच बोट माझ्यावरही टेकवलं. लेक दोन वर्षांची होते न होते तोच आई गेली. मामानं ते पत्र भाचीला दिलं. आईच्या हातचं तेवढंच अक्षर उरलं होतं.

बाबारावांनी मला सोडवायला अख्खं पत्र पाण्यात बुडवलं. शिवाय माझ्याखाली भलतीच पाटी लावली. पत्राचे चारी कोपरे पिवळे दिसत होते, तरी या दीडशहाण्याच्या डोक्यात उजेड पडला नाही!

आज कौशल्याबाई नातीला घेऊन आल्या. अर्पितानं पाटी वाचली, "दुर्मीळ पिवळी छटा. छपाईतली चूक."

"अवं, कायची छटा! हे तं माह्या मायची हळद हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. मग वळून विचारलं, "बाबाराव, कागद कुठी हाय?"

बाबाराव खाली बघू लागले. "तिकीट काढाले भिजवला होता, मावशी. शाई सारी धुवून गेली. मंग... फेकला."

"फेकला?"

"तुमी हे तिकीट घेऊन जा."

"तिकीट घेऊन काय करू? मले मायचं तोंड बी आठवत नाई रे. तिचं अक्षर पाह्यलं का माय भेटल्यासारखं वाटे."

अर्पिता आजीला धरून बाहेर घेऊन गेली. बाबाराव रुमालानं काच पुसत बसले. पुसा, खुशाल पुसा!

आणि बघायला येणाऱ्यांनो, त्या पाटीवर विश्वास ठेवू नका. मी दुर्मीळ नाही. माझ्यासारखी ढिगानं छापली होती. एकुलतं एक होतं ते तिच्या आईचं अक्षर, आणि या माणसानं ते पाण्याबरोबर ओतून दिलं.